न झालेल्या गोलांचा हिशेब : ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील बचावपटूची कारकीर्द

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया या राज्यांत हिवाळा हा ‘ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल’चा हंगाम असतो, आणि या खेळाची सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा असलेल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचे, म्हणजेच एएफएलचे सामने पाहण्यासाठी दर आठवड्याला हजारो प्रेक्षक मैदानांवर लोटतात. या खेळात कीर्तीची वाटणी मात्र सम नाही. हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूला जॉन कोलमन या विख्यात आक्रमकाच्या नावाचे पदक दिले जाते. त्याला रोखणाऱ्या बचावपटूसाठी लीगने तसे पदक ठेवलेले नाही. यामागे उपेक्षेइतकीच मोजमापाची अडचण आहे, कारण झालेला गोल गुणफलकावर चढतो, तर न झालेल्या गोलाची नोंद करण्याची सोपी रीत कोणालाच सापडलेली नाही. जिलाँग क्लबचा बचावपटू मॅथ्यू स्कारलेट याची १९९८ ते २०१२ या काळातील कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे, कारण गोल अडवणे एवढ्यावरच बचावपटूचे काम संपत नाही, संघाची चढाई त्याच्यापासूनच सुरू होऊ शकते, ही गोष्ट तिच्यातून जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसते.

ही कारकीर्द समजण्यासाठी खेळाची मांडणी आधी ध्यानात घ्यावी लागते. क्रिकेटपटूंना हिवाळ्यात व्यायाम मिळावा, या हेतूने टॉम विल्स या क्रिकेटपटूने मेलबर्नमध्ये पुढाकार घेतला आणि १८५९ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी या खेळाचे पहिले नियम लिहून काढले. खेळाचे मैदान आजही क्रिकेटप्रमाणे लंबवर्तुळाकारच असते. मराठी क्रिकेटरसिकांना कसोटी सामन्यांमुळे ठाऊक असलेले मेलबर्न क्रिकेट ग्राउंड हेच या फुटबॉलचेही प्रमुख मैदान असून लीगचा अंतिम सामना परंपरेने तेथेच होतो. प्रत्येक संघाचे अठरा खेळाडू एका वेळी मैदानात असतात आणि सामना चार सत्रांत खेळला जातो. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने मारलेला चेंडू गेला तर तो गोल ठरून सहा गुण मिळतात, आणि उंच खांब व बाहेरचा बुटका खांब यांच्यामधून गेला तर ‘बिहाइंड’ ठरून एकच गुण मिळतो. लंबगोल चेंडू हाताने फेकण्यास मनाई असल्याने तो एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने सहकाऱ्याकडे ठोसावा लागतो, त्याला ‘हँडबॉल’ म्हणतात. किमान पंधरा मीटर अंतर कापून आलेली किक कोणाचाही स्पर्श होण्यापूर्वी स्वच्छ झेलली, तर त्या झेलाला ‘मार्क’ म्हणतात आणि झेलणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याच्या अडथळ्याविना पुढची किक मारण्याचा हक्क मिळतो.

या खेळात ऑफसाइडचा नियम नाही, आणि बचावपटूच्या बहुतेक अडचणींचे मूळ या एका गोष्टीत आहे. आक्रमकाने मैदानात कोठेही उभे राहावे, अशी मुभा असल्यामुळे तो गोलाच्या अगदी तोंडाशी ठाण मांडतो आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्याला सामनाभर त्याच्या खांद्याला खांदा लावून राहावे लागते. गोलाजवळ खेळणाऱ्या मुख्य आक्रमकाला ‘फुल-फॉरवर्ड’ आणि त्याच्यासमोर उभ्या ठाकणाऱ्या बचावपटूला ‘फुल-बॅक’ म्हणतात. दोघांच्या या द्वंद्वात पहिला डाव नेहमी आक्रमकाचा असतो, कारण कोणत्या क्षणी आणि कोणत्या दिशेला धाव घ्यायची हे त्याने आधीच ठरवलेले असते, तर बचावपटूला ते त्याच्या पहिल्या पावलावरून ओळखावे लागते. शिवाय आक्रमकाचे पाच प्रयत्न फसले आणि सहावा साधला, तरी त्याच्या नावावर गोल लागतो. बचावपटूने पाच प्रयत्न उधळले आणि सहावा सुटला, तर प्रेक्षकांच्या लक्षात तो सहावाच राहतो. यष्टिरक्षकाने दिवसभर अचूक टिपलेले चेंडू विसरले जावेत आणि सुटलेला एक झेल मात्र वर्षानुवर्षे बोलला जावा, तशीच ही स्थिती असते.

बचावपटूचे सर्वांत जुने आणि मुख्य अस्त्र म्हणजे ‘स्पॉइल’. आक्रमक मार्क घेण्यासाठी उंच उडी मारतो त्याच क्षणी मागून किंवा बाजूने झेपावून मुठीने चेंडू दूर ठोसणे, असा त्याचा अर्थ. ठोसा क्षणभर लवकर बसला तर चेंडू हुकतो आणि क्षणभर उशिरा बसला तर प्रतिस्पर्ध्याच्या हातावर आदळतो. मग पंच फ्री किक देतात आणि गोल जवळजवळ निश्चित होतो. आक्रमकाला मागून ढकलणे पूर्वीपासूनच निषिद्ध आहे. २००७ मध्ये हा नियम अधिक काटेकोरपणे लावला जाऊ लागला आणि प्रतिस्पर्ध्याच्या पाठीला नुसता हात टेकवणेही दोष ठरू लागले, तेव्हा गोलासमोर झुंजणाऱ्या बचावपटूंना शरीराचा भार पेलण्याची पद्धत नव्याने शिकावी लागली. ही सक्ती २०१९ मध्ये शिथिल करण्यात आली. बचावाची कला किती अंशी नियमांच्या मर्जीवर अवलंबून असते, हे या फेरबदलांवरून कळते.

मॅथ्यू स्कारलेटचा जन्म १९७९ चा. त्याचे वडील जॉन स्कारलेट हेही जिलाँगकडून खेळलेले होते आणि या नात्याला लीगच्या व्यवस्थेत प्रत्यक्ष मोल आहे. बलाढ्य क्लबांनी सगळे चांगले खेळाडू पळवू नयेत, यासाठी १९८० च्या दशकात लीगने दोन बंधने आणली : वेतनावर होणाऱ्या खर्चाला कमाल मर्यादा घालण्यात आली आणि नव्या खेळाडूंची निवड ‘ड्राफ्ट’ पद्धतीने होऊ लागली. ड्राफ्टमध्ये आदल्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघाला निवडीची पहिली संधी मिळते, त्यामुळे अठराएक वर्षांच्या तरुणाने कोणत्या शहरात जाऊन खेळायचे हे त्याच्या इच्छेवर अवलंबून राहत नाही. या व्यवस्थेला एक भावनिक अपवाद ठेवण्यात आला, तो म्हणजे पिता-पुत्र नियम. वडिलांनी एखाद्या क्लबसाठी ठरावीक संख्येने सामने खेळलेले असतील, तर मुलावर त्या क्लबचा अग्रहक्क राहतो. या नियमान्वये १९९७ मध्ये स्कारलेट जिलाँगकडे आला आणि पुढील काही वर्षांत गॅरी अ‍ॅब्लेट ज्युनियर व टॉम हॉकिन्स हेही त्याच वाटेने क्लबमध्ये दाखल झाले. मेलबर्नच्या नैर्ऋत्येला पंच्याहत्तर किलोमीटरवर असलेल्या या बंदराच्या शहरात क्लबशी असलेली निष्ठा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते आणि पुढे मिळालेल्या यशाचा पाया या वारसदारांनीच घातला.

१९९८ मध्ये पदार्पण करणाऱ्या स्कारलेटसमोर फुल-बॅकचा एक परिपूर्ण आदर्श होता. कार्लटन क्लबच्या स्टीफन सिल्वाग्नीची १९९६ मध्ये जाहीर झालेल्या शतकाच्या सर्वोत्तम संघात याच जागी निवड झाली होती आणि प्रतिस्पर्ध्याला क्षणभरही मोकळे न सोडणे, ही त्या परंपरेची शिकवण होती. स्कारलेटनेही आधी हीच विद्या आत्मसात केली. फुल-फॉरवर्ड हा संघाचा केंद्रबिंदू असण्याचा तो काळ होता; एसेंडनचा मॅथ्यू लॉइड, सेंट किल्डाचा फ्रेझर गेरिग, कार्लटनचा ब्रेंडन फेवोला अशा वेगवेगळ्या धाटणीच्या आक्रमकांना तोंड देण्यासाठी बळ, वेग आणि प्रतिस्पर्ध्याच्या सवयींचा अभ्यास या तिन्ही गोष्टी लागत. २००३ मध्ये क्लबच्या सर्वोत्तम खेळाडूला दिले जाणारे कार्जी ग्रीव्ह्ज पदक त्याने पटकावले आणि त्याच वर्षी लीगच्या प्रातिनिधिक संघात, म्हणजे ‘ऑल-ऑस्ट्रेलियन’ संघात त्याची प्रथमच निवड झाली. हा मान त्याला पुढे २००४, २००७, २००८, २००९ आणि २०११ मध्येही लाभला.

क्लबच्या या पदकाचे महत्त्व लीगच्या सर्वोच्च वैयक्तिक सन्मानाशी, ब्राउनलो पदकाशी तुलना केल्यास अधिक कळते. ब्राउनलो पदकासाठी प्रत्येक सामन्यानंतर पंच तीन खेळाडूंना अनुक्रमे तीन, दोन आणि एक मत देतात आणि ही मते बहुतांशी मैदानाच्या मध्यभागी सतत चेंडू हाताळणाऱ्यांच्या पदरात पडतात. फुल-बॅकच्या जागी खेळून हे पदक मिळवणे किती दुर्मीळ आहे, हे सेंट किल्डाच्या व्हर्डन हॉवेलच्या उदाहरणावरून समजते. १९५९ मध्ये बॉब स्किल्टनइतकीच मते मिळूनही तेव्हाच्या नियमामुळे त्याला पदक मिळाले नाही आणि ते तीस वर्षांनी, १९८९ मध्ये, त्याला देण्यात आले. क्लबचे पदक मात्र प्रशिक्षकांच्या बारकाईच्या निरीक्षणावर ठरते आणि म्हणूनच आतल्या वर्तुळाला बचावपटूची किंमत बाहेरच्यांपेक्षा आधी कळते.

स्कारलेटच्या कारकिर्दीच्या पूर्वार्धातच खेळाची व्यूहरचना बदलू लागली होती. प्रतिस्पर्धी संघ आपले बहुतेक खेळाडू मागे आणून गोलासमोरची जागा भरून टाकू लागले आणि ठरावीक माणसाऐवजी ठरावीक क्षेत्र राखण्याची पद्धत रुजली. अशा गर्दीत निव्वळ ठोसा मारून चेंडू दूर लोटला, तर तो पुन्हा प्रतिस्पर्ध्याच्याच हाती पडण्याची शक्यता वाढते. याउलट तो झेलून ताब्यात घेतला, तर गोलाच्या आशेने पुढे धावलेले प्रतिस्पर्धी मागे वळण्यापूर्वीच आपल्या संघाला मोकळे मैदान मिळते. बचावाचे हे दुसरे रूप ‘इंटरसेप्ट’ या नावाने ओळखले जाते. त्यासाठी बचावपटूला आपल्या माणसाला सोडून चेंडूच्या दिशेने जावे लागते आणि हा निर्णय चुकला तर मागे राहिलेला आक्रमक एकटाच गोलासमोर असतो. त्यामुळे असा धोका एकट्याच्या हिमतीवर पत्करता येत नाही. आपण पुढे सरकल्यावर आपली जागा दुसरा भरून काढील, अशी खात्री असावी लागते. प्रशिक्षक मार्क थॉम्पसनच्या मार्गदर्शनाखाली जिलाँगने ही खात्री कमावली. कर्णधार टॉम हार्ली, डॅरेन मिलबर्न, कोरी एनराइट, अँड्र्यू मॅकी आणि नंतर आलेला हॅरी टेलर यांनी मिळून अशी बचावफळी उभी केली की चेंडू अडवताच तिच्यातून हँडबॉलची साखळी सुरू होई आणि चेंडू थेट दुसऱ्या टोकाला पोहोचे. या फळीत स्कारलेट प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत धोकादायक आक्रमकाला सांभाळत असे आणि तरीही चढाईचा आरंभ करण्याची संधी सोडत नसे.

२००७ च्या अंतिम सामन्यात या पद्धतीचे फळ मिळाले. जिलाँगने पोर्ट अ‍ॅडलेडचा १६३ विरुद्ध ४४ असा पराभव केला; ११९ गुणांचे हे अंतर लीगच्या अंतिम सामन्यांतील विक्रम ठरले आणि १९६३ नंतरचे पहिले विजेतेपद शहराला मिळाले. पुढच्या वर्षी साखळी फेरीतील बावीसपैकी एकवीस सामने जिंकूनही अंतिम सामन्यात मात्र हॉथॉर्नकडून हार पत्करावी लागली, आणि त्या पराभवात प्रतिस्पर्ध्याच्या बचावतंत्राचा वाटा होता. बचावपटूने चेंडू स्वतःच आपल्या खांबांमधून पलीकडे नेला, तर प्रतिस्पर्ध्याला सहाऐवजी एकच गुण मिळतो आणि चेंडू पुन्हा बचाव करणाऱ्या संघाकडे येतो. हॉथॉर्नने त्या दिवशी असे अकरा ‘रश्ड बिहाइंड’ दिले. नियमात बसणाऱ्या या युक्तीमुळे दबाव वारंवार निष्फळ होत असल्याचे पाहून लीगने २००९ पासून, पुरेसा दबाव नसताना मुद्दाम दिलेल्या बिहाइंडसाठी प्रतिस्पर्ध्याला फ्री किक देण्याचा नियम केला. त्या वर्षापासून बचावपटूचा एक सोपा सुटकेचा मार्ग बंद झाला आणि अडचणीतून खेळतच बाहेर पडण्याचे कौशल्य अधिक मोलाचे ठरले.

त्या कौशल्याची सर्वांत ख्यातनाम खूण २६ सप्टेंबर २००९ रोजी सेंट किल्डाविरुद्धच्या अंतिम सामन्यात उमटली. गारठ्याचा, पावसाळी दिवस होता, चेंडू निसरडा झाला होता आणि शेवटच्या सत्रातील थोडीच मिनिटे उरली असताना दोन्ही संघांचे गुण समान होते. मैदानाच्या मध्यभागी जमिनीवर पडलेल्या चेंडूकडे स्कारलेट आपल्या गोलापासून बराच दूर धावून आला, तेव्हा प्रतिस्पर्धीही त्याच्यावर झडप घालण्याच्या बेतात होते. वाकून चेंडू उचलायला गेला असता, तर त्याच क्षणी तो पकडला गेला असता. म्हणून धावण्याची गती न मोडता त्याने बुटाच्या टोकाने चेंडूला हलकेच टोचले आणि तो नेमका गॅरी अ‍ॅब्लेटच्या वाट्याला आला. अ‍ॅब्लेटने लांब किक मारली आणि त्याच चढाईतून पॉल चॅपमनने गोल करून जिलाँगला आघाडी मिळवून दिली. सामना ८० विरुद्ध ६८ असा संपला, सर्वोत्तम खेळाडूचे पदक चॅपमनला मिळाले आणि गुणफलकावर त्या स्पर्शाची कोणतीही नोंद झाली नाही. तरीही फुल-बॅकने आपली जागा सोडून मध्यापर्यंत यावे, हा निर्णय त्या क्षणी सुचलेला नव्हता. सहकाऱ्यांवर विसंबून जागा सोडण्याची जी सवय अनेक हंगामांत मुरली होती, तिच्यामुळेच तो योग्य वेळी तेथे पोहोचू शकला.

प्रशिक्षकपदी ख्रिस स्कॉट आल्यानंतर २०११ मध्ये कॉलिंगवुडवर मिळवलेला ११९ विरुद्ध ८१ असा विजय हे स्कारलेटचे तिसरे विजेतेपद. २०१२ च्या आरंभी फ्रीमँटलच्या एका खेळाडूला ठोसा मारल्याबद्दल त्याच्यावर काही सामन्यांची बंदी आली आणि त्याच हंगामाच्या अखेरीस तो निवृत्त झाला. २८४ सामन्यांत त्याच्या नावावर केवळ १७ गोल आहेत. आक्रमकासाठी जो आकडा लाजिरवाणा ठरला असता, तो असूनही २०१८ मध्ये त्याचा ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, कारण दीड दशक देशातील सर्वोत्तम आक्रमकांसमोर कोणाला उभे करावे, हा प्रश्न जिलाँगला त्याच्यामुळे कधी पडला नाही.

ही कारकीर्द लांबली, हेही विशेष म्हणावे लागते, कारण या जागेची शारीरिक किंमत मोठी आहे. चेंडूकडे डोळे लावून मागे धावणाऱ्या खेळाडूला समोरून येणारा माणूस दिसत नाही. स्कारलेटचा सहकारी टॉम लोनर्गन २००६ मध्ये, आक्रमक म्हणून खेळत असताना, अशाच धडकेत इतका जखमी झाला की त्याचे एक मूत्रपिंड काढावे लागले. तो परतला आणि बचावपटू म्हणून २०११ च्या विजयी संघात खेळला. रिचमंडचा अलेक्स रॅन्स २०१४ पासून सलग पाच वर्षे ऑल-ऑस्ट्रेलियन संघात होता आणि २०१७ च्या विजेतेपदात त्याचा मोठा हातभार होता, परंतु २०१९ च्या पहिल्याच सामन्यात गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि त्या वर्षाअखेरीस वयाच्या तिसाव्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली. डोक्याच्या दुखापतींचा प्रश्न याहूनही गंभीर आहे. सेंट किल्डाचा माजी फुल-बॅक व कर्णधार डॅनी फ्रॉली याचे २०१९ मध्ये निधन झाल्यानंतर त्याच्या मेंदूची तपासणी झाली, तेव्हा वारंवार बसलेल्या आघातांशी संबंधित असा मेंदूचा ऱ्हासकारी आजार त्याला असल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला किमान बारा दिवस सामन्यापासून दूर ठेवण्याचा नियम लीगने लागू केला.

स्कारलेटने रुळवलेली वाट पुढे राजमार्ग झाली, याचा पुरावा २०१८ च्या अंतिम सामन्यात मिळाला. वेस्ट कोस्ट संघ पिछाडीवर असताना जेरेमी मॅकगव्हर्न या बचावपटूने, बरगड्यांना दुखापत झालेली असूनही, कॉलिंगवुडची किक झेलून ताब्यात घेतली आणि तेथून सुरू झालेल्या चढाईचा शेवट डॉम शीडच्या निर्णायक गोलात झाला. वेस्ट कोस्टने सामना ७९ विरुद्ध ७४ असा जिंकला. नऊ वर्षांच्या अंतराने दोन अंतिम सामने बचावपटूंच्या कृतीतून फिरले आणि दुसऱ्या वेळी बचावातून चढाई सुरू करणे हा अपवाद न राहता अपेक्षित गुण बनलेला होता. आज क्लब तरुण बचावपटू निवडताना तो किती गोल अडवतो याबरोबरच किती चेंडू ताब्यात घेतो, हेही मोजतात आणि त्यामुळे न झालेल्या गोलांचा हिशेब काही प्रमाणात तरी मांडता येऊ लागला आहे. या हिशेबाची दुसरी बाजूही तितक्याच काटेकोरपणे ठेवली जाणे आवश्यक आहे. मॅकगव्हर्नला २०२५ मध्ये डोक्याला बसलेल्या आघातांमुळे वैद्यकीय सल्ल्यानुसार खेळ थांबवावा लागला. बचावपटूने आपला माणूस सोडून निर्भयपणे चेंडूवर झेपावावे, असे ज्या खेळाने त्याला शिकवले आणि ज्या धाडसावर विजेतेपदे मिळवली, त्या खेळाने मैदान सोडल्यानंतरच्या त्याच्या आयुष्याची जबाबदारी घेणे, हा त्या शिकवणीचाच उरलेला भाग मानला पाहिजे.